कापडाच्या पाठीला पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवर बसून वडाम सोडवणं. तांदळाचं पीठ शिजवायचं, त्यात हिंग, मीठ, वाटलेली मिरची घालायची आणि पळीपळीनं जुन्या कापडावर चकत्या घालून वाळवायच्या, ते वडाम. महाराष्ट्रात त्यांस पापड्या म्हणतात असं ऐकतो. आमच्या तंजावुरात घरी मराठी बोलणारी माणसंही वडामच म्हणतात. कापड माझंच, जुनी वेष्टी, म्हणजे नेसायचं पांढरं धोतर. दिवसभराच्या उन्हानं वडाम वरून कडक झाले होते आणि खालून कापडास चिकटले होते. मी एक धरून ओढला. दोन तुकडे झाले.

"ओढू नका हो!" अंबू म्हणाली. अंबू म्हणजे माझी बायको. "दरवर्षी सांगायचं काय तुम्हांस?"

"तुकडे तरी पोटातच जाणार."

"तर मग उद्यापासून भाताची पेज करून वाढते. तीही पोटातच जाणार. उलटं करा ते कापड. पाठीला पाणी मारा. थांबा जरा. मग बघा."

तिनंच उलटं केलं. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन कापडाच्या मागच्या बाजूवर शिंपडलं, तळवा फिरवला, आणि थांबली. मग कापड दोन्ही हातांनी ताणलं तर वडाम आपसूक सुटून तिच्या मांडीवर पडायला लागले, अख्खेच्या अख्खे. मी माझे तुकडे खाल्ले. आतून ओले होते, मिरचीनं जीभ पोळली. ती हसली, पाणी मात्र दिलं नाही. सुटलेले वडाम आम्ही सुपांत पसरले. अंधारून आलं म्हणून कापडाच्या कडेचे राहिले तसेच. खाली उतरताना म्हणाली, "उद्या यांची दुसरी बाजू उन्हास घालायची. विसरू नका."

मी म्हटलं, "एकदा सांगितलं की कळतं मज."

त्याच रात्री ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, तिला कळलंही नसेल. तेवढं एक बरं झालं.

आता परत चित्रै आली आहे, भर उन्हाचा तमिळ महिना. कडुनिंबाचा मोहर गळून दारात पिवळट चुरा पडतो, पायाखाली कडू वास येतो. दुपारी राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत कुत्रंही हलत नाही. ओरत्तनाडूच्या रस्त्यास भात कधीच कापून झाला, उडीदही निघाला, कालवा कोरडा पडला की त्याच्या तळात पोरं क्रिकेट खेळतात. ताडगोळेवाला सायकल भिंतीस टेकवून सावलीत झोपतो, आणि उठवलं तर गिऱ्हाइकावरच चिडतो. या दिवसांत आमचं गाव गच्चीवर राहायला जातं. ज्या घरावर बघाल तिथं एक कापड, कापडावर पांढरे ठिपके, कोपऱ्यात कावळ्यांसाठी उघडी ठेवलेली काळी छत्री. गेल्या वर्षीही असंच होतं. फरक काय तो एका गच्चीचा.

माझी मुलगी जानकी कोइमतुरास असते. तिनं आईचे दिवस झाल्यावर जाताना मज एक डायरी दिली. "रोज चार ओळी लिहा अप्पा. डोक्यात ठेवू नका."

"काय लिहू?"

"सुचेल ते."

"सुचत नाही म्हणून तर विचारतो."

"मग आईबद्दल लिहा," ती म्हणाली आणि रडायला लागली, म्हणून मी हो म्हटलं.

माझं शिक्षण तमिळ शाळेत पाचवीपर्यंत. मराठी अक्षरं वडलांनी पाटीवर मारून मारून शिकवली, ती अजून येतात पण लंगडत येतात. हे तुम्ही जे वाचता ते माझा दोस्त विठोजी यानं नीट करून दिलेलं आहे. तो राजवाड्यातल्या पुस्तकालयात होता, जुने कागद झटकून ठेवायचा. तेव्हा एखादा चांगला शब्द दिसला तर त्याचा समजा. उद्धट दिसला तर माझा.

जन्मभर मी खासगी बसवर कंडक्टर होतो, तंजावूर ते ओरत्तनाडू. लिहिणं म्हणाल तर ट्रिप शीट. कुठून निघालो, कुठं पोचलो, मध्ये कोण चढलं. त्यात मनातलं लिहायला जागा नसते आणि लागतही नाही. डायरी उघडल्यावर हात तेच लिहायला लागला. उठलो. कॉफी. ऊन. दुसऱ्या दिवशी, उठलो. कॉफी. कालचंच ऊन. तिसऱ्या दिवशी दूध नासलं, तर मज आनंद झाला, लिहायला काहीतरी मिळालं.

विठोजीनं ते वाचलं. चष्मा काढला. "अरे, बस कुठं आहे यात?"

"कसली बस?"

"ही ट्रिप शीटच की. पॅसेंजर नाही, गाव नाही, नुसता निघालास आणि पोचलास. बायकोबद्दल लिही म्हणाली ना पोरगी?"

मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, बसून लिहिलं, कॉफी गार होईपर्यंत बसलो. "अंबू चांगली होती." पुढं काही येईना. चांगली तर काय, गल्लीत कोणीही मेलं की हेच म्हणतात. विठोजीची म्हैस मेली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. दुसरं लिहिलं, "अंबू कष्टाळू होती." ते त्या म्हशीलाही लागू पडलं. डायरी मिटून ठेवली.

भिंतीवर तिचा फोटो आहे, ओळखपत्राचा मोठा करून घेतलेला. त्यात ती रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसते. डोळे मिटले की तोच फोटो यायचा. चालती-बोलती अंबू येईना. तेव्हा मी घाबरलो. कोणास सांगितलं नाही, पण घाबरलो. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, जिच्या शेजारी निजलो, तिच्याबद्दल चार ओळी सापडत नाहीत म्हणजे ती खरोखरीच गेली. स्मशानात तिचं शरीर गेलं होतं. ही दुसऱ्यांदा जाते आहे, आणि या वेळी माझ्या हातून जाते आहे, असं वाटायचं.

त्यात घरातलं मराठी थांबलं. आमच्या लोकांचं असंच असतं, बाजार तमिळमध्ये, पोरांची शाळा इंग्रजीत, आणि मराठी चुलीपाशी. चुलीपाशी बोलायला माणूस पाहिजे. भाजीवाल्याशी तमिळ, बँकेत तमिळ, टीव्ही तमिळ. जानकी फोनवर अर्ध्यात तमिळवर जाते, तिचंही काही चुकत नाही, घरी नवरा तमिळ आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून एक मराठी शब्द गेला नाही असे दिवस गेले. जीभ न वापरलेल्या कुलुपासारखी झाली.

मग गेल्या आठवड्यात सेल्वी आली. सेल्वी शेजारीण, तमिळ, आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत. तिच्या गच्चीवर नवीन पाण्याची टाकी बसल्यामुळं जागा राहिली नव्हती.

"अय्या, तुमच्या गच्चीवर वडाम घालू?" तिनं तमिळमध्ये विचारलं. दारातच उभी. आत यावं की नाही असं तिचं चाललं होतं.

मी नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "घाल."

"जुनं कापड असेल तर द्या. आमच्याकडं सगळं पॉलिएस्टर. चिकटून बसतं."

ट्रंकेत तीच वेष्टी होती. धुऊन ठेवलेली, तरी उजेडात धरली की वर्षानुवर्षांचे गोल डाग दिसत होते, एकात एक अडकलेले. ती मी दिली आणि खाली येऊन बसलो. दिवसभर वर सेल्वीची पावलं वाजत होती. माणसाची पावलं डोक्यावर वाजत असली की घर भरल्यासारखं वाटतं हे मी विसरलो होतो.

संध्याकाळी वर गेलो. सेल्वी एक वडाम धरून ओढत होती.

"ओढू नकोस गे!" मी ओरडलो. "उलटं कर ते कापड. पाठीला पाणी मार. थांब जरा, मग बघ."

सेल्वी थांबली. माझ्याकडं बघत राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी मराठीत बोललो होतो. सेल्वीस मराठी येत नाही. पण तिनं निमूट कापड उलटं केलं आणि तांब्याकडं हात नेला.

"तुला कळलं?" मी तमिळमध्ये विचारलं.

"न कळायला काय झालं अय्या? अक्का दरवर्षी हेच तुमच्यावर ओरडायची. भिंतीपलीकडं ऐकून ऐकून पाठ झालंय." आणि तिनं तिच्या तमिळ जिभेनं म्हणून दाखवलं, "पाटीला पाणी मारा!" हुबेहूब. 'मारा'वर आवाज वर न्यायचा तोही अंबूचाच.

मी कठड्यावर बसलो. हसलो की रडलो ते मज ठाऊक नाही, सेल्वीनं विचारलंही नाही. ती वडाम सोडवत राहिली. टप टप पडत होते अख्खे.

त्या संध्याकाळी मी डायरी घेतली आणि अंबूबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं. वेष्टीबद्दल लिहिलं. ही वेष्टी कुठली? जानकीच्या लग्नात घेतलेली. काठ हिरवा. अंबूस तो काठ आवडला नव्हता. दुकानात तिनं कापड बोटांत चुरून बघितलं आणि दुकानदारास म्हणाली, "ही एका धुण्यात रडेल." रडली नाही, काठाचा रंग होता तसा राहिला. पुढं कित्येक वर्षं ती वेष्टी बघितली की मी म्हणायचो, "रडली का गे?" आणि ती म्हणायची, "तिचं तुम्हांस काय, मी रडले ते विचारा." सांगायला लागलो वेष्टीचं आणि बघतो तर दुकानात बाकावर अंबू बसली होती, पाय वर घेऊन, नाकावर घाम. फोटोतली नव्हे. ओढून आणली असती तर तिचे दोन तुकडे झाले असते.

तेव्हापासून मी असंच करतो. तिच्याकडं तोंड करून बसत नाही. बस घेतो, छत्री घेतो, तांब्या घेतो. रोज एक वस्तू पुरते. लिहायला जे सापडत नाही असं मज वाटायचं, ते सगळं घरातच पडलेलं होतं.

बसचंच घ्या. नवीन लग्न झालेलं. अंबू माहेराहून परत येताना ओरत्तनाडूस माझ्याच बसमध्ये चढली. नवी साडी, डोक्यात हे एवढं मल्लिगेचं, म्हणजे मोगऱ्याचं फूल. नेमका त्या दिवशी तपासनीस बसमध्ये बसलेला. मी तिच्यापाशी गेलो आणि म्हटलं, "तिकीट."

तिनं डोळे वटारले.

"तिकीट घ्या अम्मा," मी तमिळमध्ये म्हटलं, ओळख नसल्यासारखं.

ती मोठ्यानं, मराठीत म्हणाली, "घरी या, तिथं देते तिकीट."

बसमध्ये दुसऱ्या कोणास मराठी कळत नव्हतं, ही देवाची कृपा. तपासनीसानं विचारलं, "काय म्हणते बाई?" मी म्हटलं, "सुटे नाहीत म्हणते." पैसे मीच भरले. त्या संध्याकाळी घरात काय झालं ते डायरीतही लिहिणार नाही. पण सगळ्या गल्लीस तिनं पुढं जन्मभर सांगितलं, की बायकोस तिकीट फाडणारा नवरा पाहायचा असेल तर आमच्या घरी या.

एकदा विठोजीनं पुण्याकडचे पाहुणे जेवायला आणले. राजवाडा बघायला आलेली शिकलेली माणसं. अंबूचं बोलणं ऐकून त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, किती जुनी मराठी हो तुमची! पोथी वाचल्यासारखं वाटतं." त्यांच्या पानात भात पडलेला होता. अंबू म्हणाली, "पोथीपुढं बसून पानात टाकू नये. तो भात संपवा." संपवला बिचाऱ्यांनी. वर वडामही मागून घेतले. विठोजी अजून ते आठवून खोकेपर्यंत हसतो. परवा आम्ही दोघं मिळून हसलो.

आणि कावळे. कावळ्यांशी अंबूचं उभं वैर. वडामांच्या दिवसांत ती कठड्याच्या सावलीत काठी घेऊन बसायची आणि कावळ्यांस मराठीत शिव्या द्यायची. तमिळमध्ये का नाही विचारलं तर म्हणे, "तमिळ त्यांस कळतं, उलटून बोलतील." तिच्या दहाव्या दिवशी आम्ही कावेरीवर गेलो. नदी नव्हतीच, नुसती वाळू. खड्डा करून पाणी काढलं. पिंड ठेवला आणि सगळे लांब उभे राहिलो. कावळे झाडावर होते. एकही उतरेना. जानकी म्हणाली, "आई, अप्पांस मी बघेन." नाही. भटजी म्हणाले, कसली तरी इच्छा राहिली असेल, बोला. कोणी काही बोललं, कोणी काही. ऊन चढलं.

विठोजी माझ्या कानाशी आला. "जन्मभर दोघांनी मिळून हाकललंत. आता बोलावता तर का येतील रे?"

मज ते पटलं. मी पुढं झालो आणि दोन्ही हात वर करून झाडास दाखवले. म्हटलं, "या की. आज काठी नाही."

आला एक. भूक लागली असेल.

हे सगळं मी रविवारी जानकीस फोनवर वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं, अक्षरं वाचता येत नाहीत. तिकिटाच्या गोष्टीस ती इतकी हसली की तिकडं तिचा नवरा काय झालं म्हणून विचारायला आला. मग म्हणाली, "अप्पा, तुम्ही आईस अंबू म्हणत होता? आम्ही कधी ऐकलं नाही."

"तुमच्या देखत कशाला म्हणू?"

"आणखी वाचा."

"आज एवढंच लिहिलंय."

तिकडं तिनं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अप्पा, एक लिहाल? आई गेली त्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा तुम्ही तिच्यापाशी नव्हता. गच्चीवर होता. खाली सगळे म्हणत होते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी कधी विचारलं नाही."

"आता विचारतेस?"

"नाही. लिहा म्हणते. मग वाचून दाखवा."

फोन ठेवला आणि भिंतीकडं बघितलं. फोटोतली बाई अजून रेशनच्या रांगेत उभी होती. राहू दे. मज आता तिच्याकडं काही मागायचं नव्हतं. छातीवरून कोणी पोतं उचलावं तसं झालं होतं. लोक म्हणतात लिहिलं की दुःख कमी होतं. मज तसं वाटत नाही, आहे तेवढंच आहे. कमी झाली ती भीती. अंबू कुठं जात नाही. चिकटून बसलेली आहे, पाणी मारायचा अवकाश. मग आज दुपारी बसलो आणि ती सकाळ लिहिली. ती अशी.

घर माणसांनी भरलं होतं. चूल बंद. बायका अंबूभोवती बसलेल्या. मज जो तो काहीतरी विचारत होता, नवी साडी कुठं आहे, गंगेचा तांब्या कुठं आहे, जानकी कुठवर आली. मज एकाही गोष्टीचं उत्तर येत नव्हतं, कारण घरात काय कुठं आहे हे मी आजवर तिलाच विचारत आलो होतो. तेवढ्यात वर कावळा ओरडला.

मी उठून जिना चढलो. सुपांवर तिनं झाकलेलं फडकं अर्धं उडालं होतं. मी ते काढलं आणि सुपं उन्हात ओढली. एकेक वडाम उचलून उलटा केला, ओली बाजू वर. खालून माझी वहिनी ओरडली, "अहो भाऊजी, सुतकातलं ते! कोण खाणार? टाकून द्या नि खाली या!" मी पुढचा वडाम उलटा केला. मी खाणार होतो. नंतर पावसाळाभर खाल्लेही, एकट्यानं, तेल जास्त तापवून काळे करून.

विठोजी वर आला. मज वाटलं हात धरून खाली नेणार. त्यानं सुपांकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि विचारलं, "छत्री कुठं ठेवता?"

मी दाखवली. त्यानं ती उघडून कोपऱ्यात विटेनं दाबून ठेवली आणि काठी घेऊन अंबूच्या जागी, कठड्याच्या सावलीत बसला.

वेष्टी तशीच पसरलेली होती, कडेला आदल्या दिवशी राहिलेले वडाम. मी गुडघे टेकून बसलो. कापड उलटं केलं. तांब्यात तळाला पाणी होतं, तिनंच आणलेलं. ते ओंजळीत घेऊन पाठीला मारलं, तळवा फिरवला, आणि थांबलो. खालून कोणीतरी हाका मारत होतं. मी थांबलोच. मग कापड ताणलं. अख्खे सुटले. ते उन्हात ठेवले आणि खाली गेलो.